लामाचे डोळे आणि अप्पांचं भात

आमचं गाव खानापूर तालुक्यात, बेळगावहून अर्ध्या-पाऊण तासावर. मी बेळगावात बी.ई. केलं, काही वर्षं पुण्यात काढली आणि आता आठ वर्षं हैदराबादेत सॉफ्टवेअर लिहिते आहे. आई-अप्पा गावीच असतात. दोन एकर भात, थोडे काजू, एक म्हैस. तशी सगळ्यांच्या घरची गोष्ट आहे ही. पण आपल्या अंकासाठी लिहा म्हणून निरोप आला तेव्हा मला दुसरं काही सुचेना, कारण गेली दोन वर्षं माझ्या डोक्यात हेच चाललं आहे: दक्षिण अमेरिकेतल्या पर्वतांत राहणारी माणसं रात्री आकाशात काय बघतात, आणि मी आमच्या अप्पांचं बियाणं कसं घालवलं.

आधी बियाण्याचं सांगते.

२०२३ च्या मे महिन्याच्या शेवटी आमच्याकडे एक वळीव पडून गेला. आमच्या भागात भात कुरीने पेरतात, तेही जमीन कोरडी असताना, रोहिणीत. बी मातीत नुसतं पडून राहतं आणि मृगाचा पाऊस धरला की उगवतं. पण वळवाने जमीन अर्धवट ओली झाली की पंचाईत होते. पेरलं तर बी त्या ओलीवर लगेच मोड धरणार, आणि पुढे पाऊस आला नाही तर जळणार. अप्पांना थांबायचं होतं. मी चार दिवस रजा टाकून आले होते. माझ्या फोनमधल्या हवामानाच्या ॲपवर पुढचे दहाही दिवस ढग आणि थेंब दिसत होते. मी म्हटलं, "अप्पा, आता थांबायचं कशाला? ट्रॅक्टर सांगते, रविवारी पेरून घेऊ."

अप्पा अंगणात उभं राहून बराच वेळ पश्चिमेकडे बघत होते. म्हणाले, "वारं अजून फिरलं न्हाई गे." मी फोन त्यांच्या पुढ्यात धरला. ते त्या थेंबांकडे बघत राहिले, मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "बरं. तू म्हणतीस तर."

पुढचं तुम्हाला आठवत असेल. अरबी समुद्रात चक्रीवादळ उठलं, मान्सून ८ जूनला केरळात पोचला, कोकणच्या किनाऱ्यावर येऊन अडकला आणि जवळजवळ दोन आठवडे पुढे सरकला नाही. आमचं बी उगवलं, बोटभर झालं आणि पिवळं पडलं. उरलेलं चिमण्यांनी आणि मोरांनी खाल्लं. मी हैदराबादेत होते. अप्पांनी मला फोनवर काहीच सांगितलं नाही, आईकडून कळलं. जुलैत त्यांनी शेजाऱ्यांकडून उरलेलं रोप मागून आणून निम्म्या शेतात लावणी केली, निम्मं पडीक राहिलं. या गोष्टीबद्दल ते आजतागायत मला एक शब्द बोललेले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

मी शिकलेली मुलगी, त्यामुळे दुःख झालं की वाचायला बसायचं ही माझी पद्धत. त्या वर्षी पेपरात रोज 'एल निनो, एल निनो' येत होतं. पेरूच्या किनाऱ्यावरच्या मच्छीमारांनी नाताळच्या सुमारास येणाऱ्या गरम पाण्याला बाळ येशूवरून दिलेलं हे नाव. त्याचा धागा धरून वाचत गेले तेव्हा २००० सालच्या जानेवारीत 'नेचर' या नियतकालिकात आलेला एक छोटा निबंध हाती लागला. लेखक तिघं: बेंजामिन ऑर्लोव्ह हे मानववंशशास्त्रज्ञ, जॉन चियांग आणि मार्क केन हे हवामानाचे अभ्यासक. यातले केन म्हणजे स्टीफन झेबियाक यांच्याबरोबर १९८०च्या दशकात एल निनोचं संगणकावर चालणारं मॉडेल बनवून त्यावरून अंदाज देणारे पहिल्या फळीतले गृहस्थ. म्हणजे आमच्याच जातीचा, मॉडेलवाला माणूस. आणि हा माणूस लिहीत होता अँडीजमधल्या बटाटे लावणाऱ्या शेतकऱ्यांबद्दल.

पेरू आणि बोलिव्हियाच्या डोंगराळ, अवर्षणप्रवण भागातले क्वेचुआ आणि आयमारा शेतकरी जूनच्या शेवटी, सेंट जॉनच्या सणाच्या म्हणजे २४ जूनच्या आसपास, काही रात्री पहाटेच्या आधी उठून उंचावर जातात. तिथे तेव्हा ऐन हिवाळा आणि कोरडे दिवस. कडाक्याच्या थंडीत उभं राहून ते ईशान्येला कृत्तिका उगवण्याची वाट बघतात. कृत्तिकांना क्वेचुआ भाषेत 'कोल्का' म्हणतात. कोल्का म्हणजे धान्याचं कोठार, आपली कणगीच म्हणा. हे कोठार मोठं, भरलेलं, लखलखीत दिसलं तर येता पावसाळा चांगला. बारीक आणि मळकट दिसलं तर पाऊस उशिरा आणि कमी. तसं असेल तर एरवी ऑक्टोबरच्या सुमारास होणारी बटाट्याची लावण ते काही आठवडे पुढे ढकलतात. बटाट्याची मुळं वरवरची, सुरुवातीला पाणी मिळालं नाही तर पीक हातचं जातं.

जूनमधल्या ताऱ्यांवरून डिसेंबर-जानेवारीतला पाऊस! हे मी एरवी वाचलं असतं तर हसले असते. पण या तिघांनी उपग्रहांच्या ढगांच्या नोंदी, पावसाचे आणि पिकांचे आकडे लावून बघितलं. एल निनोच्या वर्षी जूनमध्ये अँडीजच्या वर, खूप उंचावर, बर्फाच्या कणांच्या अतिशय विरळ ढगांचा थर वाढतो. तो इतका पातळ असतो की डोळ्याला ढग म्हणून दिसतच नाही, आकाश निरभ्रच वाटतं. पण त्याच्याआडून येणारा ताऱ्यांचा उजेड थोडा कमी होतो. आणि एल निनोच्या वर्षी त्या भागात पुढचा पावसाळा बहुधा कमी पडतो. म्हणजे शेतकरी जे बघत होते ते खरंच तिथे होतं.

यातली माझी आवडती गोष्ट अशी की त्यांनी निवडलेलं उपकरण किती अचूक आहे. एकच ठळक तारा बघितला असता तर तो थोडा मंद झालेला कुणाला कळणार? पण कृत्तिकांमध्ये ठळक, मध्यम आणि जेमतेम दिसणारे असे तारे एका ठिकाणी आहेत. डोळ्यांच्या डॉक्टरकडे भिंतीवर अक्षरांची पाटी असते ना, वर मोठी, खाली बारीक होत जाणारी, तशी. हवा जरा गढूळ झाली की खालची ओळ आधी जाते. मंद तारे नाहीसे होतात आणि सगळा पुंजकाच लहान झाल्यासारखा वाटतो. 'कोठार बारीक झालं' हे निरीक्षण आहे, अलंकार नाही.

ही पद्धत किती जुनी? पेरूमधल्या वारोचिरी भागातल्या कथा-समजुतींचं एक क्वेचुआ हस्तलिखित आहे, साधारण १६०८ च्या सुमाराचं. त्यात लिहिलेलं आहे की हे तारे मोठे दिसले तर लोक म्हणतात वर्ष सुकाळाचं, बारीक दिसले तर हाल. फ्रान्सिस्को दे आविला नावाच्या पाद्र्याने ते जमवलं, कारण त्याला ही 'मूर्तिपूजा' मुळातून उपटायची होती आणि त्यासाठी आधी ती काय आहे हे कळायला हवं होतं. ते हस्तलिखित आज माद्रिदच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. आविला पावणेचारशे वर्षांपूर्वीच गेला, आणि लोक अजून जूनमध्ये पहाटे उठतात.

त्याच हस्तलिखितात 'याकाना' भेटली. इथून मी शेती सोडून भलतीकडेच गेले, दोन महिने तिकडेच होते.

आपण आकाशात चित्रं बघतो ती तारे जोडून. सप्तर्षी, मृग, विंचू, सगळे ठिपक्यांचे. अँडीजमधले लोकही तारे जोडून काही आकृती बघतात. पण त्यांचे प्राणी मात्र ताऱ्यांचे नाहीत, ताऱ्यांच्या मधल्या काळोखाचे आहेत. गॅरी अर्टन या अभ्यासकाने सत्तरच्या दशकात कुस्कोजवळच्या मिस्मिनाय नावाच्या क्वेचुआ गावात राहून हे सगळं टिपलं, त्याचं पुस्तक १९८१ ला आलं. आकाशगंगा त्यांच्याकडे 'मायु', म्हणजे नदी. (आपणही तिला गंगाच म्हणतो, पण म्हणताना आपल्याला कुठे पाणी दिसतं? मला तरी कधी दिसलं नव्हतं.) त्यांची नदी खरीखुरी वाहते. पृथ्वीला वेढून असलेल्या समुद्रात ती बुडते, तिथलं पाणी घेऊन वर चढते, ते पाणी पाऊस होऊन डोंगरांवर पडतं आणि खोऱ्यातल्या विल्कानोटा नदीने पुन्हा समुद्राकडे जातं. खाली एक नदी, वर एक नदी, आणि पाणी तेच.

आणि या नदीत काळे डाग आहेत. क्वेचुआत 'याना फुयु', काळे ढग. विज्ञानाच्या भाषेत ते ताऱ्यांमधल्या धुळीचे ढग, मागच्या ताऱ्यांचा प्रकाश अडवणारे. मिस्मिनायचे लोक म्हणतात, नदीने वाहून नेलेली ती माती आहे. धूळ आणि माती! दोन्ही उत्तरं शेजारी ठेवून मी बराच वेळ बघत बसले होते.

त्या मातीचे प्राणी झाले आहेत. सगळ्यात पुढे साप, लांबलचक. पावसाळ्यात तो रात्री आकाशात असतो, कोरड्या दिवसांत जमिनीखाली जातो, खरे सापही तसेच. त्याच्यामागे बेडूक, मग तित्तिरासारखा एक पक्षी. मग लामा, म्हणजे ती याकाना, पोटाशी पिल्लू घेतलेली. तिच्यामागे कोल्हा. लामाचे डोळे मात्र खरे तारे आहेत: आपण ज्यांना मित्र आणि मित्रक म्हणतो ते दोन. वारोचिरीच्या हस्तलिखितात म्हटलं आहे की मध्यरात्री कुणाला न कळत ही लामा खाली उतरते आणि समुद्राचं पाणी पिऊन टाकते. ती प्यायली नाही तर सगळं जग बुडून जाईल.

हे प्राणी त्यांनाच इतके स्पष्ट का दिसतात याचं कारण साधं आहे. आकाशगंगेचा सगळ्यात दाट, तेजस्वी भाग कुस्कोवरून जवळजवळ डोक्यावरून जातो, गाव तीन हजार मीटरच्या वर, हवा विरळ आणि कोरडी. उजेड जितका दाट तितका त्यातला काळोख उठून दिसणार. ऑस्ट्रेलियातल्या मूळ रहिवाशांनाही याच डागांत प्राणी दिसतो, त्यांचा तो ईमू पक्षी. आपल्याकडे तोच भाग दक्षिणेला खाली कलतो, म्हणून आपल्या नजरेत ठिपके भरले, डाग नाहीत. हैदराबादेतल्या माझ्या गच्चीवरून तर ठिपकेही मोजून पंधरा-वीस.

वाचता वाचता साहजिकच मनात आलं, आपल्याकडेही हे आहेच की. पंचांगात पावसाची नक्षत्रं, त्यांची वाहनं. यंदा मृगाचं वाहन बेडूक, म्हणजे पाऊस चांगला. त्यांचा बेडूक, आपला बेडूक, त्यांचा कोल्हा, आपला कोल्हा. मी उत्साहाने अप्पांना फोन केला. मग रात्री नीट विचार केल्यावर माझा उत्साह उतरला, कारण या दोन गोष्टी सारख्या नाहीत.

मृग नक्षत्र लागलं म्हणजे सूर्य त्या नक्षत्रात गेला. अर्थात जूनमध्ये मृगाचे तारे सूर्याच्या उजेडात लपलेले असतात, दिसूच शकत नाहीत. शिवाय आपल्याकडे तेव्हा ढग. आपलं पावसाचं नक्षत्र न बघण्याचं आहे, ते कॅलेंडर आहे. आणि वाहन काढतात ते सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजून, त्याला ९ ने भागून. बाकी ३ उरली की बेडूक. प्रोग्रामिंग करणाऱ्याला हे दोन ओळींत लिहिता येईल, आणि पुढच्या शंभर वर्षांची वाहनं आजच छापता येतील. समुद्र तापो की थंड होवो, उत्तर तेच. तिकडच्या शेतकऱ्याला पुढच्या वर्षीचं उत्तर आज माहीत नसतं. त्याला दर जूनला थंडीत उठावंच लागतं.

हे मी थोड्या घमेंडीतच अप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "वाहन बघून कोण पेरतंय गे? पंचांग तारखेला. पेरायचं ते वारं बघून, मुंग्या बघून, जमीन बघून." मी गप्प. कारण २०२३ ला ते बघतच होते. पश्चिमेकडे तोंड करून उभे होते आणि वारं फिरलेलं नव्हतं. तो माणूस निरीक्षण करत होता आणि मी त्यांच्यापुढे छापील वाहन धरलं होतं, फक्त ते काचेवर होतं. दहा दिवसांपुढचा ढग दाखवणारं ते चित्र कशावरून काढलं, त्यात चुकायचा संभव किती, हे मला माहीत नव्हतं. ऑफिसात असा आकडा कुणी पुढे केला तर मी पहिला प्रश्न तोच विचारते.

आणखी एक. त्या बटाटेवाल्यांचा अंदाजही चुकतो. एल निनो आला म्हणजे दुष्काळ असं ना तिकडे दरवेळी होतं, ना इकडे. १९९७ चा एल निनो शतकातल्या मोठ्यांपैकी, आणि आपला मान्सून त्या वर्षी व्यवस्थित झाला. पण तारे बघून उठणारा, ठरवणारा आणि चुकलं तर उपाशी राहणारा माणूस तिथे एकच असतो. आमच्याकडे ठरवलं मी, आणि रोप मागायला गेले अप्पा.

२०२४ ला ७ मे रोजी आमच्याकडे लोकसभेचं मतदान होतं, म्हणून गावी गेले. अमावस्या जवळ होती. रात्री जेवणं झाल्यावर अप्पांना म्हटलं, माळावर जाऊ, तुम्हाला लामाचे डोळे दाखवते. आई म्हणाली, "खुळी झालीस काय, सापकिरडाचे दिवस." शेवटी बॅटरी, काठी आणि आई, सगळ्यांनाच घेऊन गेलो.

बेळगावच्या अक्षांशावरून मित्र हा तारा क्षितिजाच्या जेमतेम तेरा अंश वर येतो. हात लांब करून मूठ धरली तर सव्वा मूठ. मध्यरात्रीच्या सुमारास तो बरोबर दक्षिणेला आला, शेजारी मित्रक, उजवीकडे कललेला त्रिशंकू. डोळे दिसले. लामा काही दिसली नाही, खाली धुरकट होतं, आणि दूर कुठल्या तरी कारखान्याचा पिवळा उजेड. मी अप्पांना हाताने हवेत तिची मान, पाठ, पोटाशी पिल्लू काढून दाखवत होते. ते "हां, हां" म्हणत होते, नातवंडांच्या चित्राला म्हणतात तसं.

दीडच्या पुढे विंचू चांगला वर चढला आणि त्याच्या नांगीपाशी आकाशगंगा उजळली. आई केव्हाच चटईवर झोपली होती. अप्पा एकदम म्हणाले, "मधी काळं दिसतंय ते?" मी बघितलं. नदीच्या मधोमध काळा पट्टा होता, स्पष्ट. मी लहानपणापासून त्या माळावर झोपले आहे आणि तो कधी बघितला नव्हता. "तेच," मी म्हटलं, "माती." ते बराच वेळ वर बघत होते. मग म्हणाले, "पाणी गढूळ आलंय म्हणजे वर पाऊस झालाय."

तिथेच मला २०२३ चं बोलायचं होतं. इतके दिवस वाक्य तयार करून ठेवलं होतं. "अप्पा, त्या वर्षी पेरायला मी घाई केली," एवढंच म्हणाले. ते वरच बघत होते. म्हणाले, "मी बी 'बरं' म्हटलोच की." आणि आईला उठवलं.

गेल्या वर्षी, २०२५ ला, मान्सून २४ मेलाच केरळात आला आणि दोन दिवसांत मुंबईपर्यंत पोचला. रोहिणी नक्षत्र लागायच्या सुमारालाच आमच्या शेतात चिखल. कुरी चालेना, धूळपेरणी कुणाचीच झाली नाही. ना पंचांगात होतं, ना माझ्या फोनात दहा दिवस आधी. अप्पांनी फोन केला. मी नुसतं विचारलं, "काय करायचं ठरवलंय?"

"रोप टाकलंय. लावणीच करायची आता. बाया मिळाल्या तर बरं," ते म्हणाले. मग थोडं थांबून, "तुझ्या त्या बटाटेवाल्यांचं काय? कोठार बघायला गेले काय यंदा?"

"अजून महिना आहे अप्पा. २४ जूनला."

"सांग हां मला," ते म्हणाले, आणि मागून आई ओरडली की म्हैस सुटली आहे, म्हणून फोन ठेवला.